जेवाले कोनी नही

परदेशी सरकारकडून मुलांसाठी निधी आणायचा, तर गरज आधी कागदावर दिसावी लागते. म्हणून एका सेवाभावी संस्थेची हेमांगी टॅब घेऊन ब्राह्मणपुरी गावात घरोघर फिरत होती. शेवटचं घर अनुसयाबाईचं. मुलगा-सून दिवाळी आटोपून ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, तिन्ही नातवंडंही त्यांच्याबरोबरच.

“आजी, सगळ्यात मोठी अडचण काय तुमची?”

“घरमा जेवाले कोनी नही, माय.”

टॅबवर पर्याय चारच होते: अन्न, पाणी, औषध, शाळा. हेमांगीचं बोट जरा घुटमळलं आणि ‘अन्न’वर टेकलं. शहाद्याच्या ऑफिसात त्याचं ‘घरात जेवायला काही नाही’ झालं. दिल्लीत त्याचं इंग्रजी झालं आणि प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर ते ठळक अक्षरांत छापलं गेलं.

माघात निधी मंजूर झाला. हेमांगीने हौसेने स्वतःच फोन लावला. “आजी, तुम्ही सांगितलं होतं ना, ते मंजूर झालं! उद्या घेऊनच येते.”

दुसऱ्या दिवशी जीप दारात थांबली. ड्रायव्हरने डाळ, तेल, गूळ, शेंगदाण्यांची खोकी उतरवून ओट्यावर रचली. आत चूल पेटलेली होती आणि चुलीपुढे तीन लहान ताटल्या घासूनपुसून मांडलेल्या होत्या.

अनुसयाबाई खोक्यांना वळसा घालून जीपपाशी गेली. मागच्या बाकावर वाकून वाकून पाहिलं, मग हेमांगीकडे वळली.



“आनी पोरे?”