न धुतलेला कुर्ता

बायको, माणिक, गेल्याचं नंदकुमारला बँकेतल्या फोनवर कळलं. चौकातून घरी यायला ती रिक्षात बसली आणि बसल्या जागीच कलंडली. सोबत नफीसा होती, चिकनचं भरतकाम करणारी. तो सोमवार होता, इंजेक्शनचा दिवस. संध्याकाळी अलीगंजचं घर माणसांनी भरलं आणि फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे औषधाची बाटली तशीच राहिली.

सत्त्याण्णव साल होतं. जुन्या अपघातात चढवलेल्या रक्तातून त्याला हिपॅटायटिस सी झाला होता. आठवड्याला तीन इंजेक्शनं, सहा महिने. टोचायला माणिकच शिकली, आधी मोसंबीवर, मग त्याच्यावर. टोचलं की थंडी वाजून ताप चढायचा. केस उशीवर गळायचे. मन इतकं खचायचं की तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. माणिक पायाशी बसून पांढऱ्या कापडावर फुलं भरत असे. नफीसाकडून नुकतीच शिकली होती. त्याला राग यायचा.

"मला टोचून हौस फिटत नाही, म्हणून आता कापडाला टोचतेस?" एकदा तो म्हणाला.

"कापड कुरकुरत नाही हो," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

दिवसकार्य उरकल्यावर, पुढच्याच्या पुढच्या सोमवारी, तो डॉक्टरांकडे गेला. सहा इंजेक्शनं चुकली होती. चालू ठेवायचं तर आजपासूनच, डॉक्टर म्हणाले. नाहीतर थांबा. आणखी चांगली औषधं येतील म्हणतात. पण कधी, ते सांगता येत नाही, आणि तोवर लिव्हर टिकेल याची खात्री नाही.

स्कूटरवरून घरी येईतो त्यानं ठरवून टाकलं, थांबायचं. खरं तर त्याला नव्या औषधाची वाट पाहायची नव्हती. कशाचीच वाट पाहायची नव्हती. मुलीला, ऋताला, त्यानं तसं सांगितलं. ती नेहमीप्रमाणे हिंदीत "ठीक है बाबा" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

दुपारी नफीसा आली. थोडी बसली, थोडी रडली. मग तिनं ते कापड बघायला मागितलं. चिकनच्या कापडावर आधी लाकडी ठप्प्यानं निळी नक्षी छापतात, ती दोऱ्यानं भरतात, आणि शेवटी कापड धुतात. धुतलं की निळं निघून जातं. नंदकुमारनं कपाटातून कापड काढून दिलं. घेऊन जा, धुऊन टाक, म्हणाला.

नफीसानं ते पलंगावर पसरलं आणि त्यावर हात ठेवला.

"अभी नहीं धुलेगा, भाईसाहब. बहनजी ने गिनकर छपवाया था. अठहत्तर फूल. ठप्पेवाला चिढ़ता रहा, पर बोलीं, न एक कम, न एक ज़्यादा. आख़िरी फूल बने, तभी धुलेगा."

अठ्ठ्याहत्तर. सव्वीस आठवडे, आठवड्याला तीन.

नंदकुमार खाली वाकला. त्याच्याच मापाचा कुर्ता होता. पहिल्या ओळीतली फुलं वेडीवाकडी, शिकाऊ हाताची. मध्येच एक उसवून पुन्हा भरलेलं. त्या दिवशी त्यानं सिरिंज झटकून टाकली होती, आणि तासाभरानं तिनं दुसरी भरून आणली होती. शेवटी भरलेली फुलं इतकी सुबक की ती कापडाबरोबरच विणली गेली असावीत असं वाटलं. भरलेली फुलं एकेचाळीस, बाकीची नुसती निळी. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता त्या सगळ्या संध्याकाळी त्या कापडावर होत्या, एकही गाळलेली नव्हती. त्यानं कापडावरचं बोट उचललं. परत टेकवायचा धीर त्याला होईना.

त्यानं ऋताला हाक मारली आणि फ्रिजमधली बाटली आणायला सांगितलं. मग नफीसाला विचारलं, टाका कसा घालतात.

संध्याकाळी त्यानं मांडीत स्वतःच सुई टोचून घेतली. दोन तासांनी दात वाजू लागले. ऋतानं दोरा ओवून दिला. तशातच त्यानं एक फूल भरलं.

"बाबा, ये फूल है या मकड़ी?" ऋता म्हणाली. माणिक गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

छत्तीस फुलं भरायची राहिली होती.