तोच शब्द पुन्हा

वाचनालयाच्या संगणक खोलीत हळबे सरांनी चौथ्यांदा पासवर्ड टाकला आणि संगणकाच्या लिनक्स प्रणालीने तो चौथ्यांदा नाकारला. गेली नऊ वर्षं ते इथे मुलांना शिकवत होते. ॲडमिनचा पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता आणि आज तो आठवत नव्हता. मागच्या आठवड्यात घराची गल्लीही अशीच आठवली नव्हती, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांची जुनी विद्यार्थिनी शर्वरी मदतीला आली होती. "कमांड विसरले की तुम्ही मला ती दहादा लिहायला लावायचात, सर. आता तुमची पाळी," ती हसत म्हणाली. तिने संगणक जुना पासवर्ड न विचारणाऱ्या रिकव्हरी मोडमध्ये सुरू केला आणि काळ्या पडद्यावर पासवर्ड बदलायची कमांड लिहिली. हेही तिला सरांनीच शिकवलं होतं. "आता नवा शब्द टाका. मी बघत नाही," म्हणत तिने पाठ फिरवली.

सरांना हायसं वाटलं. त्यांनी एक सोपा शब्द निवडला आणि सावकाश टाइप केला. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. तिथे पासवर्ड कधीच दिसत नाही. एन्टर दाबताच ओळ आली: तोच पासवर्ड पुन्हा टाका.

सरांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. आत्ता टाकलेला शब्द त्यांना आठवेना.

"झालं का, सर?"

"तूच टाक, बाळ, तुझा एखादा शब्द," सर म्हणाले. "आणि सोमवारपासून वर्गही तूच घे."