दुपारचे पैंजण

सुनेने कपाटावरचा डबा खाली काढला आणि सासूबाई लगबगीने जवळ येऊन उभ्या राहिल्या. बांगड्या, साखळी, अंगठ्या, सगळी चांदी झोपून झोपून काळीठिक्कर पडली होती. पातेल्यात फॉइल अंथरून सुनेने सोडा टाकला, वर कढत पाणी ओतलं. वाफेत एकेक दागिना जागा झाला. पाण्यातच चांदणं उतरलं जणू. डब्यात राहिलेले पैंजण मात्र न धुताच लख्ख होते. “आई, हे कसे काळे नाही पडले?” “जुनी चांदी ती. अस्सल.” “अंगावर घातलेली चांदी काळी पडत नाही म्हणतात.” ‘या वयात छुमछुम शोभते का?’ असं चारचौघांत म्हणणाऱ्या सासूबाई घड्याळ बघू लागल्या. सुनेने डबा परत वर ठेवला, पैंजण तेवढे त्यांच्या उशीखाली सरकवले. “दुपारी घरी धरायलाही कुणी नसतं, आई,” ती म्हणाली. “रोज रोज स्टुलावर चढत जाऊ नका.”