एका ओळीत बारा महिने

खोटं वाटेल तुम्हाला, पण त्या ऑफिसात एक बाई वर्षभरात चार वेळा वारली. डेटाबेसमध्ये प्रत्येक रजेची ओळ वेगळी. हजारो ओळींत कुणाच्या लक्षात येणार? मग साहेबांनी फर्मावलं, "माणशी एकच ओळ हवी. पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने, रकान्यात रजेचं कारण. थापा मारणारा उद्यापासून घरी!"

डेटाबेसवाल्याने क्वेरी लिहिली, ओळींचे रकाने केले आणि स्टोअरमधल्या मावसभावाला बोलावून घेतलं.

"मार्चमध्ये मावशीचं निधन, जूनमध्ये मावशीचं निधन, ऑगस्टमध्ये पुन्हा तेच! अरे गधड्या, तुला मावशी एकच. माझी आई! आत्ताच फोनवर मला झापत होती."

"चुकलं रे दादा. नोकरी जाईल माझी." मावसभाऊ अगदी रडकुंडीला आला. तेवढ्यात त्याची नजर एक ओळ खाली घसरली. "दादा, ही ओळ तुझी ना? मग मे महिन्यात आईचं निधन कुणी लिहिलंय?"

डेटाबेसवाल्याने घाईघाईने स्क्रीन बंद केला.

संध्याकाळी दोघांनी साहेबांना एका सुरात सांगितलं, "साहेब, ओळींचे रकाने करणं आपल्या कॉम्प्युटरला काही झेपत नाही."