मूठभर आंबेमोहोर

मूठभर बियाणं द्यायचं आणि तीन वर्षांची नोकरी घ्यायची. इतका स्वस्त सौदा मुळशीत जमिनीच्या एजंटालाही कधी जमला नसेल.

निरंजनचा जर्मनीतला करार सप्टेंबरात संपत होता. त्याची तिथली मैत्रीण इंगा जुन्या वाणांचं बियाणं जपणारी बँक सांभाळायची. तिचा भातावरचा तीन वर्षांचा नवा प्रकल्प सुरू होणार होता. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बी जो आणून देईल, त्याला त्या प्रकल्पात जागा पक्की होती. आणि दिवाळीत व्हिडिओ कॉलवर गंगूकाकी मातीचं मडकं दाखवून म्हणाली होती, "घरचा आंबेमोहोर हाय अजून. गावात दुसऱ्या कुनाकडं न्हाई." निरंजनने तिथल्या तिथे हिशेब मांडला होता.

मेअखेरीला निरंजनबरोबर इंगा आणि तिचा नवरा मार्टिन चार दिवसांसाठी आले. पिरंगुटचा घाट उतरताना इंगाने विचारलं, "काकीला कारण सांगितलंस?"

"छे. निघताना सहज मागेन. आमच्याकडे आधी कारण कळलं की भाव चढतो."

"आणि बियाणं नसलंच तर?"

निरंजन हसला. "शेतकरी उपाशी राहील, पण बियाण्याला हात लावणार नाही."

कासार आंबोलीचे बंगले मागे पडले. पौडच्या स्टँडवर मार्टिनने लाल एसटीचे फोटो काढले. पुढे अर्ध्या तासात गाडी घराशी लागली. भिवाजीकाका पडवीत दोर वळत बसले होते. काकीने गूळपाणी दिलं, इंगाचा हात हातात घेऊन विचारलं, "परवासात तरास न्हाई ना झाला, पोरी?" निरंजनने जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि तो थेट चुलीकडे गेला. तिथे दुकानातली प्लास्टिकची पिशवी फोडलेली होती.

"हा कुठला तांदूळ?"

"इंद्रायनी. पौडावनं आनला. लई ग्वाड लागतो."

"आणि घरचा आंबेमोहोर?"

"खायचा शिमग्यालाच संपला रं."

"काकी, मडकं तर ते काय समोर आहे!"

"त्यो व्हय? त्यो..."

निरंजनने तिला पुढे बोलू दिलंच नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या लांबून माणसं आणायची आणि त्यांच्या पानात दुकानातला भात! "इतका चिकटपणा? तोही पाहुण्यांशी? माझ्या बापाचा निम्मा वाटा आहे या घरात. कधी मागितला मी? आज एक वेळचा भात मागतोय तर तुझा हात आखडतो!"

काकांनी दोर खाली टाकला. "ताटावर वाटा काढतुया व्हय रं?"

"तुमी गप बसा. पाहुनं हायेत," काकी म्हणाली. मग निरंजनकडे न बघता तिने मडकं फडताळावरून उतरवलं. "धरान दावून आन त्यान्ला. तवर करते."

"आणि त्यांना न्यायलाही बांधून दे. राखून ठेवू नकोस."

"बरं."

धरणावर दोन तास गेले. पाणी पार खाली गेलं होतं, काठाची तांबडी माती उघडी पडली होती. मार्टिन फोटो काढत राहिला आणि निरंजन त्याला इथल्या माणसांचा कंजूषपणा समजावत राहिला. रागावल्याशिवाय ही माणसं हलत नाहीत, असं त्याने दोनदा सांगितलं.

परतले तेव्हा उखळातलं मुसळ नुकतंच थांबलं होतं. काकीचे तळहात लाल झाले होते.

"गिरणीत द्यायचा की."

"एवढ्याशाला गिरनीवाला इचारत न्हाई."

पण भात वाढला आणि सगळं घर घमघमलं. निरंजनचा राग उतरला. बघ, होता की नाही? मार्टिनने दुसऱ्यांदा वाढून घेतला. निरंजनने तर मोजणंच सोडलं. इंगाच्या घासात एक वाळकं पान आलं.

"कडुलिंबाचं?" निरंजन पुन्हा तापला. "काकी, निवडून तरी घ्यायचा!"

"घाईत ऱ्हायलं, बाळा."

इंगा ते पान बोटांत धरून बराच वेळ बघत राहिली. नंतर तिने भात घेतला नाही. काका भिंतीकडे तोंड करून भाकरी खात होते. म्हातारा रुसलाय, निरंजनने मनात म्हटलं.

निघताना काकीने इंगाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि उरलेल्या तांदळाची छोटी पिशवीही दिली. सगळं मनासारखं झालं होतं. निरंजन चप्पल घालता घालता, आत्ताच आठवल्यासारखा म्हणाला, "काकी, एक मूठभर बी पण दे गं. आंबेमोहोराचं. हिला आठवण म्हणून."

काकीने काकांकडे पाहिलं. काका आत गेले, मडकं घेऊन आले आणि त्यांनी ते निरंजनच्या पायाशी उपडं केलं. कडुलिंबाची दोन वाळकी पानं तेवढी पडली.

"घे तुझा वाटा," काका म्हणाले.

"मिरगाला रोप टाकाया राखल्यालं बी त्येच व्हतं रं, बाळा," काकी म्हणाली. "त्या दादानं दोनदा वाढून घेतलं. तू तीनदा."