एकशे बारा दाणे

पितळेच्या वाटीत मक्याचे एकशे बारा दाणे होते. स्टीलच्या वाटीत एकही नव्हता. मीनाक्षीने दोनदा मोजले. रोज सोळा शब्द, सात दिवस. आकडा चोख बसत होता. मुलीने 'स' नीट म्हटला की दाणा पितळेच्या वाटीत, चुकला की स्टीलच्या, असं मीनाक्षीनेच मुलीच्या आईला, सारजाबाईला, शिकवून ठेवलं होतं.

मग तिने त्याच सोळा शब्दांची चित्रं टेबलावर मांडली. सिंधू पाच वर्षांची. सशावर बोट ठेवून ती मोठ्या उत्साहाने म्हणाली, "तता." सुईला तुई. सायकलला तायकल. सोळापैकी शून्य. मागच्या गुरुवारी शून्य, त्याच्या मागच्या गुरुवारीही शून्यच.

मीनाक्षीने पेनचं टोपण काढलं. दुपारचे दोन वाजले होते आणि सकाळपासूनचं हे अकरावं मूल होतं. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. मुलांचं बोलणं सुधारणारं दवाखान्यात हे एकच टेबल, आणि यादीत पुढे एकतीस मुलं. चार भेटींत काहीच फरक नाही तर फाइल बंद करायची, असा नियम होता. आज चौथा गुरुवार. मुलीत दोष सापडला नव्हता. जीभ, टाळू, दात, सगळं जागच्या जागी. कान तर पहिल्याच दिवशी तपासले होते. 'स'चा आवाज असतो तसल्या उंच पट्टीत, चार हजार हर्ट्झला, तिला पंधरा डेसिबलचा सूर ऐकू येत होता. पंचवीसच्या आत म्हणजे कान उत्तम.

फाइलवर तिने लिहिलं: घरी सराव होत नाही.

"सारजाबाई, खोटे दाणे टाकून काय मिळतं हो तुम्हाला?"

सारजाबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सिल्लोडपासून एसटीत उभी राहून आलेली बाई, तरी पुढे वाकून, डोळे न हलवता. पहिल्या दिवसापासून ती अशीच बघायची. मीनाक्षीला आजवर ते लक्ष देणं वाटायचं. आज सोंग वाटलं.

"खोटं कामून टाकू, ताई? जूनमधी शाळंत नाव घालायचंय हिचं. मागल्या साली गुरुजीनं नाव इचारलं, ही म्हनली, तिंधू. समदी पोरं हासली. तवापासून घराबाहेर तोंड उघडत नाय. आन् मी खोटं टाकीन व्हय?"

"मग हे एकशे बारा आले कुठून?"

"ती म्हनती, मी ऐकती. मला बराबर वाटलं का टाकती." सारजाबाईने वाट्या जवळ ओढल्या. "सासू लई बोलती मला. म्हनती, कुकरच्या शिट्ट्यावर शिट्ट्या होतेत आन् ही बया पोरीसंगं चित्रं बघत बसती."

मीनाक्षीत वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. करूनच दाखवावं, म्हणजे विषय संपेल.

"बरं. आता मी बोलते. बरोबर वाटलं तर पितळ, चूक वाटलं तर स्टील."

सवयीने तिने फाइल ओठांपुढे धरली. मुलांनी ओठ न बघता नुसत्या कानाने ऐकावं म्हणून ती नेहमीच तशी धरत असे.

"तता," ती फाइलीआडून म्हणाली.

दाणा सारजाबाईच्या चिमटीतच राहिला.

"फाइल खाली घ्या ना, ताई. तोंड झाकल्यावर ऐकू कसं येईल?"

मीनाक्षीने फाइल खाली घेतली.

"कामाला कुठे जाता तुम्ही?"

"जिनिंगवर. मशीनमधी कापूस टाकायला. नऊ हंगाम झाले. तिथं आवाजात कोनाचं काय ऐकू येतंय? समद्या एकमेकीच्या तोंडाकडं बघूनच समजून घेतो."

मीनाक्षीने फाइलवरची ओळ खोडली. सिंधूला खुर्चीवरून उठवून तिथे आईला बसवलं, पदर मागे सारून कानांवर हेडफोन चढवले.

"सूर आला की एक दाणा टाका. कितीही बारीक असू द्या."

जाड सुरांना दाणे पटापट पडले. मग मीनाक्षीने चार हजारांवर बटण आणलं आणि आवाज पाचापाचाने वाढवत नेला. पंधरा. तीस. पंचेचाळीस. सारजाबाई दाणा धरून वाट बघत होती. सिंधू वाकून वाटीत डोकावत होती. साठ.

उजवा कान, चार हजार हर्ट्झ: पहिला दाणा पंच्याहत्तर डेसिबलला पडला.