गुलाबी तळं

कारखान्याच्या सांडपाण्याचं तळं गुलाबी झालं, म्हणून पाहुणे यायच्या आधी मालकांनी त्यावर काळं प्लास्टिक अंथरायला सांगितलं.

"झाकू नका, साहेब," प्रयोगशाळेतली हेमांगी म्हणाली. "तो रंग जीवाणूंचा आहे. तळातून विषारी वायू सुटतो, त्याचं ते उन्हाच्या जोरावर गंधक करतात. ऊन तोडलंत तर वायू साठेल."

"घाणीची एवढी माया!" मालक हसले.

पाहुणे येऊन गेले, प्लास्टिक तसंच राहिलं. नवव्या दिवशी दुपारी ते टम्म फुगलेलं दिसलं. रखवालदार गेनूमामा काठावर वाकून त्याची दोरी सोडत होते. हेमांगी धावत सुटली.

"मामा, मागे या!"

"अगं, मघाशी लई वास मारत होता. आता कायबी येत न्हाई बघ."

हा वायू वाढला की आधी नाकच मारतो. तेवढ्यात मामा कोसळले. श्वास कोंडून तिनं त्यांना बखोटीला धरून दूर ओढलं. ते खोकले.

मागे प्लास्टिक फडफडत होतं. वारा कामगारांच्या चाळीकडे वळला होता. तिथे बायका दारात तांदूळ निवडत होत्या. ओरडत ती धावली, पण वारा तिच्यापुढे होता.